असरार आणि फाटलेले शेवटचे पान

गेल्या वर्षी आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. उर्दूचा धडा वाचायला उभा केला की दर ओळीला अडखळायचा. घरी बोली वेगळी, रस्त्यावर मराठी, शाळेत किताबी उर्दू. त्याचा दोष फारसा नव्हता. एके दिवशी आम्ही फळ्यावर लिहून मागे वळलो, तर साहेब बालभारतीच्या पुस्तकात मान घालून बसलेले. एवढी तल्लीनता पाहून आम्हांला शंका आली. जवळ जाऊन पाहिले तर आत दुसरेच पुस्तक. कव्हर नाही, पाने पिवळी, कडा उंदराने कुरतडलेल्या. इब्ने सफींची एक जुनी कादंबरी! आम्ही तेच पान त्याला मोठ्याने वाचायला सांगितले. शिक्षा म्हणून सांगितले होते. पोरगा न थांबता दीड पान वाचून गेला. सारा वर्ग गप्प.

पुस्तक जप्त झाले. स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांनी ते दोन बोटांत धरून उचलले आणि म्हणाले, "शाळेत हे असले चालायचे नाही." आम्ही मान डोलावली आणि पुस्तक पिशवीत टाकून घरी आणले. रात्री वाचायला घेतले, पहाटे संपत आले, आणि पाहतो तर शेवटचे पान फाटलेले.

आमच्या लहानपणी मामूंच्या दुकानात पुस्तके भाड्याने मिळत. तिथेही ही खोड होतीच. कुणीतरी दुष्ट वाचक शेवटचे पान फाडून नेई आणि पुढच्या शंभर वाचकांना तळमळत ठेवी. मामू अशा पुस्तकाचे भाडे निम्मे घेत. गुन्हेगाराचे नाव मात्र ते तोंडी सांगत नसत; तो त्यांचा धर्म होता.

त्या रात्रीपासून आमच्या मनात एक शब्द घोळतो आहे : असरार. अरबीत 'सिर्र' म्हणजे गुपित, आणि त्याचे अनेकवचन 'असरार'. उर्दूत या एका शब्दाने दोन संसार चालवले आहेत. इतिहासात जे कधी उघडलेच नाही तेही असरार, आणि कादंबरीत जे शेवटच्या पानावर उघडतेच उघडते तेही असरार. योगायोग असा की या दुसऱ्या प्रकारातला उर्दूतला सर्वांत मोठा लेखक, ज्याला आपण इब्ने सफी म्हणतो, त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव होते असरार अहमद.

पण त्याच्याआधी शंभर वर्षे मागे गेले पाहिजे, कारण या प्रकाराचा जन्म गुन्हा शोधण्यातून झालेला नाही. १८४२-४३मध्ये पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात युजेन स्यू याने 'पॅरिसची रहस्ये' क्रमशः छापली. त्याचे पाहून इंग्रज लेखक जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स याने १८४४पासून 'लंडनची रहस्ये' पेनी-पेनीच्या अंकांत विकली. यांत हेर नाहीत, बोटांचे ठसे नाहीत. यांतली रहस्ये म्हणजे बड्या घरांच्या पडद्यामागचे व्यवहार. उमराव काय करतो, बिशप काय लपवतो, गल्लीतल्या पोरीला कोण फसवतो, हे सर्व गरिबाला एका पेनीत वाचायला मिळाले. इंग्रजी साहित्याच्या इतिहासात रेनॉल्ड्सला कोपऱ्यात बसवले आहे. आपल्या देशात मात्र त्याच्यावर पिढ्या पोसल्या. मराठी कादंबरीला वळण देणारे हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) रेनॉल्ड्सच्याच आधाराने उभी राहिली. उर्दूत तर त्याची भाषांतरे घरोघर गेली.

प्रेमचंदांनी स्वतःच्या पोरवयाची हकिकत लिहून ठेवली आहे. गोरखपूरला एका पुस्तकविक्रेत्याकडे ते जाऊन बसत. त्याच्याकडच्या इंग्रजीच्या गाइड आणि किल्ल्या शाळेतल्या मुलांना विकून देत आणि त्या बदल्यात कादंबऱ्या घरी नेऊन वाचत. त्यांत रेनॉल्ड्सची भाषांतरे होती आणि 'तिलिस्म-ए-होशरुबा'ही होते. पुढे याच प्रेमचंदांनी १९०३पासून बनारसच्या 'आवाज-ए-खल्क' या उर्दू साप्ताहिकात पहिली कादंबरी लिहायला घेतली, तिचे नाव 'असरार-ए-मआबिद', म्हणजे देवस्थानांची गुपिते. महंतांच्या पडद्यामागचे व्यवहार. रेनॉल्ड्सने उमराव धरला, प्रेमचंदांनी महंत. असरार या शब्दात त्या काळी 'बड्यांचे लपवलेले' हा अर्थ मुरलेला होता, आणि आम्हांला वाटते तो या साहित्यातून कधी गेलाच नाही.

होशरुबाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगून टाकू. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ ते १८९३ या काळात मुहंमद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांच्याकडून लिहवून घेतलेली ही दास्तान. तिच्यातला अय्यार वेष पालटतो, शत्रूला बेशुद्ध करतो, झंबीलमध्ये सारे जग कोंबतो. आमच्या दादीला अमर अय्यारच्या गोष्टी तोंडपाठ होत्या. शेरलॉक होम्स उर्दूत आला तेव्हा वाचकाला तो परका वाटला नसणार. हा तर टोपी घातलेला अय्यार!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या क्षेत्रात मोठी गर्दी झाली. फिरोजपूरचे तीरथराम फिरोजपुरी यांनी इंग्रजीतून शंभराहून अधिक पुस्तके उर्दूत आणली. ज्यांच्या पोरवयात घरात फिरोजपुरींचे पुस्तक नव्हते, असा तेव्हाचा उर्दू लेखक मिळणे कठीण. पण आम्हांला सर्वांत गंमत वाटते ती जफर उमर यांची. हे अलीगढचे पदवीधर आणि नोकरीने पोलीस अधिकारी. १९१६च्या सुमारास त्यांनी 'नीली छतरी' लिहिली. मूळ माल फ्रेंच लेखक मॉरिस लब्लांकचा, त्याच्या आर्सेन ल्यूपँ या सभ्य चोराचा. जफर उमर यांनी त्याला बहराम केले. पोलिसाने कादंबरी लिहिली आणि नायक केला चोराला! आपल्या मराठीतही बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचे लाडके झुंजार व काळा पहाड कायद्याच्या चाकोरीबाहेरूनच न्याय करत फिरतात. असे का व्हावे? आमच्या मते याचे उत्तर कादंबरीत शोधू नये. ते त्या काळच्या कचेऱ्यांत आणि कोर्टांत आहे. त्यासाठी मुंबईच्या मलबार हिलवर जावे लागेल.

१२ जानेवारी १९२५ची संध्याकाळ. अब्दुल कादिर बावला हा पंचविशीतला धनाढ्य व्यापारी मोटारीतून हवा खायला निघाला होता. सोबत त्याचा मॅनेजर आणि मुमताज बेगम ही तरुणी. मागून दुसरी मोटार आली, बावलाच्या मोटारीला भिडली, आणि तिच्यातून उतरलेल्या माणसांनी मुमताजला बाहेर खेचायला सुरुवात केली. बावलाने अडवले, त्याला गोळ्या घातल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले. इतक्यात गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी त्याच रस्त्याने आले. लेफ्टनंट सेगर्ट नावाच्या अधिकाऱ्याने हातातल्या गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना बडवले. त्यालाही गोळ्या लागल्या, पण मुमताज वाचली आणि काही हल्लेखोर जागेवरच हाती लागले. बावला इस्पितळात मरण पावला.

कादंबरीकाराने असा योगायोग लिहिला असता तर आपण त्याला हसलो असतो.

मुमताज ही इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारातली गाणारी-नाचणारी. तिथून ती पळाली होती. तिने न्यायालयात जे सांगितले ते वाचताना आजही हात थांबतो. आपल्यावर सतत पहारा असे, आपल्याला झालेली मुलगी सुइणींनी मारून टाकली, मसुरीला नेत असताना आपण दिल्लीला गाडीतून उतरलो आणि पुढे जायला नकार दिला, अशी तिची साक्ष. महाराजांच्या माणसांना ती परत हवी होती. आणि ती बावलाच्या आश्रयाला मुंबईत राहत होती.

मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे नऊ जणांवर खटला चालला. आरोपींत इंदूरच्या पोलिसांतला शफी अहमद होता, शामराव दिघे होता, आणि दरबारातले मोठे अधिकारी सरदार आनंदराव फणसेही होते. फणसे यांचे वकील बॅरिस्टर महंमद अली जिना. मे १९२५मध्ये निकाल लागला : तिघांना फाशी, चौघांना जन्मठेप, दोघे निर्दोष. खून कुणी केला हे सिद्ध झाले. पण इंदूरहून इतकी माणसे, मोटार आणि पैसा घेऊन मुंबईला येतात ती कुणाच्या हुकुमाने? त्यांना पाठवणारा कोण? आरोपींच्या पिंजऱ्यात तो उभा नव्हता. खुद्द न्यायाधीशांनाही या माणसांच्या मागे दुसरे कुणी आहे असे वाटले होते.

सरकारने महाराजांपुढे दोन पर्याय ठेवले : चौकशी आयोगाला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६मध्ये तुकोजीरावांनी मुलाच्या नावे गादी सोडली. चौकशी झालीच नाही. महाराजांवर कोणत्याही न्यायालयात गुन्हा सिद्ध झालेला नाही, हे आपणही लिहिताना विसरू नये. १९२८मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले आणि वर्तमानपत्रांना नवा विषय मिळाला. धवल कुलकर्णी यांनी २०२१मध्ये या प्रकरणावर इंग्रजीत सबंध पुस्तक लिहिले आहे. कागदपत्रांत जे आहे ते पुष्कळ आहे. हुकूम देणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याही निकालपत्रात नाही, कारण तो प्रश्न विचारायचाच नाही असे ठरवून दप्तर बांधले गेले.

याला म्हणावे शेवटचे पान फाटलेले पुस्तक. इथे ते कुणी चोरून फाडले नाही, सरकारने देवघेव करून काढून घेतले.

त्याच वर्षी, १९२५मध्ये, कोहिनूर कंपनीने 'कुलीन कांता' नावाचा मूकपट काढला. दिग्दर्शक होमी मास्टर. त्याची कथा या प्रकरणावरून घेतली आहे हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. कोर्टाचे काम संपते न संपते तोच लोकांनी ते गुपित आपल्या पडद्यावर ओढून नेले.

यानंतर सत्तावीस वर्षांनी, मार्च १९५२मध्ये, अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' या मासिक मालेचे पहिले पुस्तक निघाले. नाव 'दिलेर मुजरिम'. लेखक इब्ने सफी, म्हणजे सफीउल्लाहांचा मुलगा. प्रकाशक अब्बास हुसेनी. लेखकाचे वय चोवीसही पूर्ण नव्हते, आणि पोटापाण्याला ते काय करत होते? मास्तरकी! इस्लामिया आणि यादगारे हुसैनी या अलाहाबादच्या शाळांत ते शिकवत. आमच्या मुख्याध्यापकांना हे सांगायचे अजून धाडस झालेले नाही.

या मालेच्या जन्माची हकिकत त्यांनीच सांगितली आहे. एका बैठकीत कुणी म्हणाले की उर्दूत खपतात त्या फक्त लैंगिक कादंबऱ्या, बाकी सारे पडून राहते. असरार अहमद यांना हे मान्य नव्हते. मग दाखवून द्या, असे आव्हान आले आणि त्यांनी दाखवून दिले. स्त्रीच्या देहाचे बाजारू वर्णन न करता माणूस पहाटेपर्यंत पुस्तकाला खिळवता येतो, हे त्यांनी पुढची अठ्ठावीस वर्षे सिद्ध केले.

'दिलेर मुजरिम'चा सांगाडा व्हिक्टर गन या इंग्रज लेखकाच्या कादंबरीवरून घेतल्याचे त्यांनी लपवले नाही. पण त्या सांगाड्यावर त्यांनी काय चढवले ते पाहा. डॉक्टर शौकत हा मुस्लिम तरुण. त्याला लहानाचे मोठे केले सविता देवी या हिंदू बाईने. मैत्रिणीला दिलेल्या शब्दाखातर तिने त्याला मुसलमान म्हणूनच वाढवले. आणि शौकतवर उगारलेला खंजीर चुकून या सविता देवीच्या छातीत बसतो. हे १९५२ साली लिहिले आहे, फाळणीच्या जखमा उघड्या असताना. ही बाई इंग्रजी कादंबरीतून येणे शक्य नाही. ती अलाहाबादचीच.

खुनाचा माग काढत इन्स्पेक्टर फरीदी जातो तो एका नवाबाच्या कोठीत. पुढचे आम्ही सांगणार नाही. मामूंचा धर्म आम्हीही पाळतो. एवढेच सांगतो की कोठीच्या दारात फरीदी थांबत नाही, परवानगीची वाट पाहत नाही, आणि त्याला कुणी दोन पर्यायही देत नाही. फरीदी स्वतः नवाबाचा मुलगा आहे, श्रीमंत आहे, त्यामुळे त्याला विकत घेता येत नाही. जफर उमर यांच्या काळात न्याय करायला चोर लागत होता. इब्ने सफींनी ते काम गणवेशातल्या माणसाकडे परत दिले. माणसाने कायद्याचा आदर करायला शिकावे हा आपल्या लेखनाचा हेतू आहे, असे ते म्हणत. आम्ही बावलाचा खटला वाचला तेव्हा फरीदीचे मोल आम्हांला नव्याने कळले. वाचक फरीदीकडे कोडे सोडवायला जात नव्हता. बड्या घराच्या दारावर कुणीतरी थाप मारताना त्याला पाहायचे होते.

१९५२च्याच ऑगस्टमध्ये ते कराचीला गेले. वडील तिथे आधीच होते. पण पुस्तके दोन्हीकडे निघत राहिली, अलाहाबादला आणि कराचीला. दोन देशांत टपालाचे, व्यापाराचे किती दरवाजे बंद झाले. फरीदी-हमीद मात्र दर महिन्याला दोन्हीकडे हजर. कथेतल्या शहराला नाव नसे, म्हणून ते दोन्हीकडच्यांना आपलेच वाटे. हिंदी आवृत्तीत फरीदीचा विनोद झाला, इमरानचा राजेश झाला, हमीद मात्र हमीदच राहिला. विनोद-हमीद ही जोडी वाचून वाढलेले कितीतरी मराठी वाचक आम्हांला भेटले आहेत. आपण मुळात उर्दू कादंबरी वाचतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हते.

१९५५पासून त्यांनी इमरानची दुसरी माला सुरू केली. मग १९६० ते १९६३ ही तीन वर्षे मनाच्या आजाराने त्यांची लेखणी थांबवली. बाजारात एन. सफी, नजमा सफी अशा नावांचे पीक आले. वाचकाला कव्हर फसवत असे, दुसरे पान फसवत नसे. नोव्हेंबर १९६३मध्ये 'डेढ़ मतवाले' घेऊन ते परतले; अलाहाबादला त्या पुस्तकाचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. दोन्ही माला मिळून पुस्तके झाली दोनशे पंचेचाळीस. २६ जुलै १९८० रोजी, बरोबर बावन्नाव्या वाढदिवशी, ते वारले.

आणि टीकाकार? त्यांनी काय केले? बहुतेकांनी काहीच केले नाही. आम्ही बी.एड. केले, त्याआधी उर्दू साहित्य घेऊन पदवी केली, पण एकाही प्रश्नपत्रिकेत इब्ने सफींवर दोन गुणांची टीपसुद्धा आली नाही. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात उर्दू शाळांतून मागे सरत होती, त्या वर्षांत कारकून, शिंपी, हमाल, घरात बसलेल्या मुली ही लिपी विसरल्या नाहीत, त्याला धडे जेवढे कारण असतील त्याहून अधिक ही पिवळी पुस्तके असतील, असे आमचे मत आहे. आकडे आमच्याकडे नाहीत. मामूंची वही होती. तिच्यात मीर आणि गालिब महिन्यातून एकदा, फरीदी-हमीद रोज.

उशिरा का होईना, बर्फ थोडा वितळला. शम्सुर्रहमान फारुकी यांच्यासारख्या चोखंदळ समीक्षकाने 'जासूसी दुनिया'तल्या चार कादंबऱ्या स्वतः इंग्रजीत आणल्या आणि चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने त्या २०११मध्ये छापल्या. शिकागोत आयुष्यभर उर्दू शिकवलेल्या सी. एम. नईम यांनी तर १८९० ते १९५० या काळातल्या उर्दू गुन्हेकथांचा इतिहास लिहिला. तो २०२३मध्ये आला. ज्यांना हा प्रकार हलका वाटतो त्यांनी निदान या दोन बुजुर्गांकडे पाहावे.

जप्त केलेले पुस्तक आम्ही आठवड्याने परत दिले. त्याआधी मालेगावच्या एका मित्राकडून त्याच कादंबरीची धड प्रत मागवली होती. तिच्यातले शेवटचे पान उतरवून घेतले, त्याच मापाचा कागद कापला आणि फाटलेल्या जागी डिंकाने चिकटवला. शुक्रवारी अर्धा दिवस शाळा, मुलांचे लक्ष नसते. त्या तासाला आम्ही वर्गाला बावला खटल्याची हकिकत सांगितली, मुमताजच्या साक्षीतले मुलांना सांगण्याजोगे नाही ते सोडून. एकही जण हलला नाही. घंटा झाली तरी तो मुलगा बाकावरच बसून.

"सर, खून किए वो तो पकड़े गए. भेजा किसने था?"

"कोर्ट में लिखा नहीं है."

"किसीने पूछा नहीं?"

आम्ही त्याच्या हातात पुस्तक दिले. त्याने ते उलटे धरले, मागून उघडले, चिकटवलेल्या पानावरचे आमचे अक्षर ओळखले आणि ताबडतोब पुस्तक मिटले. "पहले बीच का पढ़ लूँ," तो म्हणाला आणि नमाजची वेळ झाली म्हणून धावत सुटला.